रोहिणी हट्टंगडी: ‘चार दिवस सासूचे’ची वर्षं रंगभूमीच्या खात्यातून गेली का?

तलावपाळी:
२०२२ मध्ये ‘चारचौघी’ पुन्हा रंगभूमीवर आलं, त्यात रोहिणीताई आईच्या भूमिकेत उभ्या राहिल्या, तेव्हापासून ठाण्यातल्या नाटकवाल्यांत, त्यांची मालिकेतली वर्षं रंगभूमीला मुकली का, हा वाद चालू आहे. माझी बाजू सरळ मांडते. एनएसडीत (राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली तयार झालेली, ‘गांधी’ चित्रपटातल्या कस्तुरबांच्या भूमिकेसाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळवलेली, ‘अपराजिता’सारखा एकपात्री प्रयोग पेलणारी ही अभिनेत्री. तिची २००१ ते २०१३ ही वर्षं ‘चार दिवस सासूचे’ या एका दैनंदिन मालिकेत गेली, तीन हजारांवर भाग झाले. मालिका संपल्यावर लगेच ‘होणार सून मी ह्या घरची’ आली.

मालिकेला कमी लेखत नाही, पण नाटकाची नटी मालिकेत गेली की तिची तीन हत्यारं बोथट होतात. एक, सलग अडीच तास भूमिका वर नेण्याची ताकद. मालिकेतला सीन दोन-तीन मिनिटांचा, तोही तुकड्यांत. दोन, आवाज. छातीवर लेपल माइक, म्हणजे कपड्याला अडकवलेला छोटा माइक, असला की घरात बोलावं तसं बोललं तरी भागतं. ठाण्याच्या गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत शेवटच्या रांगेत बसलेल्याला शब्दाचं शेवटचं अक्षर पोचवायला पोटातून श्वास लागतो, आणि ती सवय वापरली नाही तर जाते. तीन, हशा धरणं. प्रेक्षक हसला की हशा चढू द्यायचा, अर्ध्यावर उतरला की पुढचं वाक्य टाकायचं. आधी बोललात तर वाक्य बुडतं, उशीर केलात तर प्रसंग पडतो. सेटवर हसायला कोणी नसतं, मग हे शिकायचं आणि टिकवायचं कुठे?

कॉलशीट:
तलावपाळी, पहिल्या हत्याराबद्दल पूर्ण असहमत. सलगपणा नसताना भूमिका सलग ठेवणं जास्त कठीण आहे. चॅनेलला भाग वीस-बावीस मिनिटांचा लागतो, आठवड्याला बहुधा सहा भाग. एका दिवसात पाच-सहा सीन उरकायचे, आणि तेही क्रमाने नाही, लोकेशनप्रमाणे. दिवाणखाना लावला की दिवाणखान्यातले सगळे सीन आधी. म्हणजे सकाळी भांडण झाल्यानंतरचा अबोला, दुपारी त्याआधीचं लग्नाचं आमंत्रण, संध्याकाळी प्रत्यक्ष भांडण. संवादांची पानं कित्येकदा त्याच दिवशी हातात येतात. प्रकाशयोजना होईपर्यंत वीस मिनिटं मिळतात, तेवढ्यात पाठांतर.

आणि हाताची गोष्ट बघा. तोच सीन आधी मास्टरमध्ये (सगळा प्रसंग एका चौकटीत), मग टू-शॉट (दोघंच), मग एकेकाचा क्लोज. मास्टरमध्ये चहाचा कप ज्या शब्दावर खाली ठेवला, क्लोजमध्ये त्याच शब्दावर, त्याच हाताने ठेवावा लागतो. नाहीतर एडिटला जोड बसत नाही आणि सगळा सीन मास्टरवर सोडावा लागतो. हे करताना राग किंवा दुःख पहिल्या टेकइतकंच खरं ठेवायचं, चौथ्यांदा, पाचव्यांदा. नाटकातही रोज तेच करावं लागतं म्हणाल, पण तिथे समोरची माणसं रोज नवी असतात. इथे समोर कॅमेरा आणि थकलेलं युनिट.

रोहिणीताईंची मोठी ताकद म्हणजे अभिनयाचा आकार हवा तसा लहान-मोठा करता येणं. ‘सारांश’ आला १९८४ साली, तेव्हा त्या तेहतिशीत होत्या आणि पडद्यावर मुलगा गमावलेली म्हातारी आई. कुठेही म्हातारपणाचं सोंग दिसत नाही. चाल आणि खांद्याचा भार बदललाय, बस. ज्या बाईला हे जमतं तिला लेपल माइक काय बिघडवणार?

विंगेतून:
दोघंही कलेबद्दल बोलताय, मला व्यवस्थेबद्दल सांगू द्या, कारण खरी मारामारी तिथेच होते. मालिका आणि नाटक एकाच वेळी करणाऱ्या नटीचं गणित इकडच्या ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात असं बसतं.

मालिकांचे कित्येक सेट घोडबंदर, काशिमीरा, मीरा रोड भागात. प्रयोग रात्री साडेआठचा, वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृहात. मेकअप, कपडे, मंचाची एक फेरी यासाठी सात वाजता नाट्यगृहात हवं. घोडबंदरवरून माजिवडा आणि पुढे ऐरोलीमार्गे वाशी, संध्याकाळच्या वेळी दोन तास धरायचेच. गायमुखला एखादा ट्रेलर बंद पडला तर तेही पुरत नाहीत. म्हणजे पाचला सेट सोडायचा. शिफ्ट बारा तासांची असेल तर कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, पहाटे पाचची. हे कुठलंच युनिट करत नाही. म्हणून शूटिंगच्या दिवशी वाशीचा प्रयोग घेऊच नये. ठाण्यातलंच घाणेकर नाट्यगृह किंवा गडकरी असेल तर कसाबसा जमतो.

बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, संपते. चित्रित होऊन तयार असलेले भाग दोन आठवड्यांचे असले तर प्रॉडक्शन शनिवार-रविवार सोडतं. बँक दोन-तीन भागांवर आली की पावसाने एक दिवस गेला तरी रविवारी शूट लागतं, आणि तोवर नाटकाची जाहिरात छापून आलेली असते. नाट्यगृहाच्या तारखा काही महिने आधी वाटलेल्या असतात. ऐनवेळी प्रयोग रद्द केला तर भाडं गेलं, ट्रकचे पैसे गेले आणि बुकिंगवरचा विश्वास गेला.

उपाय ठरलेले आहेत. मालिकेच्या करारावर सही करण्यापूर्वी प्रयोगांच्या तारखांची यादी लेखी जोडायची, तोंडी ‘बघू’ चालवून घ्यायचं नाही. शनिवारी दुपारनंतर आणि रविवार पूर्ण मोकळा, हे कलम घालून घ्यायचं. नाटकाच्या बाजूने एक रिप्लेसमेंट, म्हणजे त्याच भूमिकेची बदली नटी, आधीच तालमीत उभी करायची, भले तिला दहा प्रयोगांत एकदाच संधी मिळो.

तलावपाळी:
विंगेतून, हे सगळं मान्य. पण यात तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. नाटक शनिवार-रविवारच्या फटीत बसवायचं असेल तर जुनं, बसलेलं नाटकच चालतं. नवीन नाटकाला महिना-दीड महिना रोज तालीम लागते. ती कुठून आणणार? आठवड्याला सहा भाग देणारी नटी नव्या संहितेला हात घालू शकत नाही, आणि नटी वाढते ती नव्या संहितेवर.

वाशी १६:
पैशाचं कोणी बोलतच नाहीये. नाटकात कलाकाराला मिळते ‘नाइट’, म्हणजे प्रयोग झाला तर पैसे. पावसाळ्यात, परीक्षांच्या दिवसांत प्रयोग घटले की महिना कोरडा. मालिकेत दिवसाचे पैसे ठरलेले, महिन्यातले दिवस बऱ्यापैकी नक्की. ते हातात पडायला नव्वद दिवस लागतात हे खरं, पण एकदा चक्र सुरू झालं की दर महिन्याला काहीतरी येत राहतं. पन्नाशीच्या अभिनेत्रीला रंगभूमीवर मुख्य भूमिका किती लिहिल्या जातात ते आधी मोजा. नाटककारांनी बायकांसाठी लिहिलं नाही, मग मालिकेने सासू का होईना, मध्यवर्ती भूमिका दिली. नाटककारांवरचा राग मालिकेवर का काढायचा?

दुसरं, ‘चार दिवस सासूचे’मधल्याच अभिनेत्री कविता लाडांकडे बघा. ‘एका लग्नाची गोष्ट’ १९९८ चं, मालिका त्यानंतरची, आणि २०१८ मध्ये ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ घेऊन त्या पुन्हा प्रशांत दामलेंसमोर उभ्या. विनोदी नाटकात टायमिंग गेलं असतं तर पहिल्या दहा प्रयोगांत कळलं असतं. प्रेक्षक नाटक उचलून धरतो तो चेहऱ्यामुळे नाही. चेहरा पाहून पहिल्यांदा तिकीट काढतो, एवढंच. भाव्यांत येणाऱ्या कितीतरी बायका ‘सासूबाईंना’ बघायला येतात आणि ‘चारचौघी’ बघून जातात. विवाहित पुरुषाबरोबर राहून तीन मुली वाढवणारी ती आई त्यांनी एरवी तिकीट काढून पाहिली असती का?

कॉलशीट:
शिवाय मधला रस्ताही आहे. मुक्ता बर्वेंनी २०१७ मध्ये ‘रुद्रम’ केली, मर्यादित भागांची. शेवट आधी लिहिलेला असला की भूमिकेला आलेख असतो आणि नाटकाच्या तारखा ठरवता येतात. चॅनेलला ते परवडत नाही, कारण सेट उभारणीचा खर्च जितके जास्त भाग तितका विभागला जातो. भांडायचं तर अभिनेत्रीशी नाही, या हिशेबाशी भांडा.

तलावपाळी:
हा मुद्दा मात्र पटला. दैनंदिन आणि मर्यादित यांत मी फरक केला नव्हता, तो करायला हवा. आवाजाचं मात्र मी सोडत नाही. बारा वर्षं लेपलवर बोललेल्या कुठल्याही नटीला रंगमंचावर परतताना काय करावं लागतं ते विंगेतून यांनीच सांगावं.

विंगेतून:
सांगतो. तालीम सुरू होण्याच्या निदान तीन आठवडे आधीपासून रोज वीस मिनिटं श्वास आणि स्वर. आधी जमिनीवर पाठ टेकून, पोटावर हात ठेवून, मग उभ्याने. दुसऱ्या आठवड्यात संहितेतलं एकच पान, प्रत्येक वाक्याचं शेवटचं क्रियापद न गिळता. मालिकेवाल्यांचं पहिलं तेच जातं, वाक्याचं शेपूट. तिसऱ्या आठवड्यात मोठा हॉल, शेवटच्या भिंतीशी एक माणूस बसवायचा आणि न कळलेल्या शब्दाला त्याने हात वर करायचा. ओरडू द्यायचं नाही. ओरडलं की दुसऱ्या अंकात घसा बसतो. आणि शूटिंग चालू असेल तर प्रयोगाच्या दिवशी सेटवर शेवटचा सीन रडण्या-किंचाळण्याचा ठेवू नका, असं दिग्दर्शकाला आधीच सांगून ठेवायचं. तो सीन दुसऱ्या दिवशी सकाळी घेता येतो.