बाबांच्या चिठ्ठीवरचं ओडी, बीडी, एसआर म्हणजे नक्की काय?

अबोली
बाबा परवा घरी आले दवाखान्यातून, आठ गोळ्या आहेत रोजच्या आणि चिठ्ठीवर कुठे ओडी कुठे बीडी कुठे एचएस लिहिलंय, मला निम्मं कळत नाहीये. साखरेची गोळी मोठी आहे, त्यांना गिळवत नाही म्हणून दोन दिवस मी कुटून पाण्यात देतेय. स्ट्रिपवर नावापुढे एसआर आहे, त्याने काही फरक पडतो का? आणि घरात आधीची साखरेची गोळीपण आहे, बाबा तीही घेतातच सवयीने.

रानपाखरू
कुटणं आधी थांबवा प्लीज. एसआर म्हणजे औषध पोटात हळूहळू सुटत राहील अशी बनवलेली गोळी, ईआर, एक्सआर लिहिलं असलं तरी तेच. कुटली की बारा-चोवीस तासांचं औषध एकदम अंगात जातं. गिळता येत नाही हे डॉक्टरांना सांगा, बऱ्याच औषधांचा साधा किंवा पातळ प्रकार मिळतो, ते बदलून देतील. मधे रेघ असलेली गोळीसुद्धा केमिस्टला विचारूनच अर्धी करा.

बाकी ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. ही सगळी लॅटिनची लघुरूपं आहेत, आपल्याला न कळण्यात आपली काहीच चूक नाही. १-०-१ असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

सांजवात
मला तर त्या आधीच्या गोळीचीच जास्त काळजी वाटतेय. दोन्ही स्ट्रिपा शेजारी ठेवा आणि मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून खालचं बारीक वाचा, घटक आणि एमजी, म्हणजे मिलिग्रॅम. नावं वेगळी पण आत साखरेचं तेच औषध, मेटफॉर्मिन, असं खूपदा असतं, कारण नवी गोळी दोन औषधांची एकत्र असते आणि त्यातलं एक जुन्या गोळीत असतंच. पॅरासिटामॉलचं तसंच, तापाच्या गोळीत आणि सर्दीच्या गोळीत दोन्हीकडे, आणि मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नसतं. पण स्वतःहून काही बंद नका करू हं, कधीकधी डॉक्टर मुद्दाम दोन्ही देतात. आजच फोन करून विचारा.

एमजी आणि एमसीजी (मायक्रोग्रॅम) पण नीट बघा, १००० पटीचा फरक आहे.

रानपाखरू
हो आणि थायरॉईडची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत, नंतर अर्धा-एक तास काही नाही, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तास लांब. माझ्या आईला वर्षभर कोणी हे सांगितलंच नव्हतं, डोस वाढवत राहिले नुसते. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन एकदम देऊ नका.

अबोली
आत्ता बघितलं, जुन्या स्ट्रिपवर मेटफॉर्मिन ५०० आहे आणि नवीवर ग्लिमेपिराइड (तेही साखरेचंच औषध) आणि मेटफॉर्मिन एसआर ५००. हात गार पडले माझे. डॉक्टरांना फोन लावलाय, तोवर बाबांची साखर तपासून घेते.

सांजवात
घाम, थरथर किंवा गुंगी वाटली तर साखर खूप उतरलेली असू शकते, वाट नका बघू, शुद्धीत असतील तर लगेच साखरपाणी द्या आणि दवाखान्यात न्या. जाताना सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून सोबत घ्या.