नाशिकच्या घरातून परदेशातल्या घरापर्यंत खरे किती तास लागले? अनुभव लिहा

आई पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी बहिणीकडे न्यू जर्सीला चाललीये, मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान आहे. तिकिटावर १६ तास लिहिलेत पण ती विचारते, "इंदिरानगरच्या दारातून धर ना, मला गोळ्यांच्या वेळा लावायच्यात." तुम्हाला घरापासून घरापर्यंत किती वेळ लागला ते प्लीज सांगा.

गंगापूर रोड
आम्ही सासूबाईंना घेऊन जूनमध्ये गेलो होतो, २८ तास धरा. विमान रात्री दीडचं, घरून संध्याकाळी पाचला निघालो कारण कसाऱ्याला एखादा ट्रक बंद पडला की संपलंच, आमच्या वेळी पडलाच होता आणि भिवंडी बायपासलाही तासभर गेला, तरी सव्वानऊपर्यंत पोचलो. हवेतलं अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. दीडला उडून तिथल्या घड्याळात सकाळी आठला उतरलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, साडेसहा तासच झाले की! उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं ना. येताना उलटं, दुपारी बाराला निघालो ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला मुंबईत, प्रवास मात्र साडेचौदा तासांचाच. जाताना समोरच्या स्क्रीनवर वेग ८२० दिसायचा आणि येताना हजाराच्या वर, कारण तेवढ्या उंचीवर जोराचं वारं पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतं, जेट स्ट्रीम म्हणतात ते, जाताना ते तोंडावर येतं आणि येताना पाठीशी असतं. म्हणून ताई, गोळ्यांसाठी आईंच्या हातात भारताच्या वेळेवरचं एक साधं घड्याळ राहू द्या, आम्ही सासूबाईंच्या मनगटावर दोन बांधली होती. आणि गोळ्या हँडबॅगेतच ठेवा, तिथली वेळ कधीपासून धरायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.

नाशिकरोड
लंडन, ७२०० किमी. जाताना साडेनऊ तास, येताना साडेआठ.

पंचवटी
आम्ही ओझरहून दिल्ली आणि मग टोरंटो केलं. घाट नाही, ट्रॅफिक नाही, अर्ध्या तासात एअरपोर्टवर, बाबांना फार बरं वाटलं. पण दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे दिल्लीत बॅगा घेऊन टर्मिनल बदला, परत चेक-इन करा, मध्ये सात तास ठेवले होते म्हणून निभावलं. एकट्या ज्येष्ठांना असं पाठवू नका, एकाच तिकिटावर मिळत असेल तरच.

सिडको
मी तिकडून इकडे आले तेव्हाचं सांगते. आईला अॅडमिट केल्याचा फोन रात्री आला आणि सकाळचं मिळेल ते तिकीट काढलं, दोन ठिकाणी बदलून, सगळे मिळून ३४ तास. विमानात वेळ जाईना, मी स्क्रीनवरचा नकाशा बंदच केला नाही, ते छोटं विमान हलतच नाही असं वाटायचं. मुंबईला भाऊ थर्मास घेऊन उभा होता. पहाटे पांडवलेणी दिसली तसा त्याने हॉस्पिटलला फोन लावून माझ्या कानाला दिला, पलीकडून आई म्हणाली, "जेवलीस का गं?"