मांजराच्या पिल्लाला नायटा, घरात लहान मुलं. काय करावं? (भुसावळ)

केळीवाली_वहिनी
नमस्कार मंडळी. मुलांनी शेतातल्या गोठ्यातून मांजराचं पिल्लू घरी आणलंय, दीड-दोन महिन्यांचं असेल. कानामागे आणि पुढच्या पायावर रुपयाएवढे केस गेलेत, तिथे राखाडी खवले दिसतात. तसं खातंय, खेळतंय, फारसं खाजवतही नाही. पण आता धाकटीच्या दंडावर लाल गोल चट्टा उठलाय, कडेला जाड आणि मध्ये साफ. उकाड्यामुळे सध्या सगळे गच्चीवर झोपतो आणि पिल्लू मुलांच्याच गोधडीत असतं.

सासूबाई म्हणतात हा नायटाच आहे, पिल्लू गोठ्यात सोडून या. मुलं रडून गोंधळ घालतात. यांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणलीय, तीच दोघांना लावली तर चालेल का? घर कशाने पुसू? सासूबाईंना शुगर आहे, त्यामुळे जास्त धाकधूक. मांजर बघणारे डॉक्टर इकडे कुठे मिळतील तेही सांगा.

तापीकाठचा
माय वं, इतली काबर घाबरी ऱ्हायनी! आमच्याकडे वासरांना दरवर्षी नायटा होतो. जळकं ऑईल लावायचं, चार दिवसांत खपली पडते. पिल्लालाही लावा.

गुरांचा_डॉक्टर
तापीकाठचे भाऊ, तेवढं करू नका. मांजर दिवसभर अंग चाटत असतं. जे अंगाला लावाल ते पोटात जाणार. जळकं ऑईल, रॉकेल, टी-ट्री तेल, यातलं काहीही मांजराला विषारी ठरू शकतं. शिवाय वासराचा नायटा बहुतेक वेळा दुसऱ्या बुरशीचा असतो. मांजरात प्रामुख्याने मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी सापडते आणि ती माणसाला सहज लागते.

वहिनी, तुमच्या वर्णनावरून नायटा वाटतो, पण फोरमवर बघून खात्री देता येत नाही. खरजेतही केस जातात. मांजराची खरूज सहसा कानाच्या कडेपासून सुरू होते, जाड खपल्या धरतात आणि पिल्लू खाजवून खाजवून हैराण होतं. तिचं औषध पूर्ण वेगळं, म्हणून आधी तपासून घ्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांचीच गर्दी असते, पण मांजर नेलं म्हणून कुणी परत पाठवत नाही. मात्र तिथे वूड्स लॅम्प, म्हणजे नायट्याची बुरशी चमकते का ते बघायचा दिवा, असेलच असं नाही. तो हवा असेल तर जळगाव, धुळे किंवा नाशिकला कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक गाठा. जाण्याआधी फोन करून विचारा, म्हणजे खेप वाया जाणार नाही.

कापूस_कोंडी
वूड्स लॅम्प म्हणजे तो जांभळा लाईटच ना? आमच्या दुकानात नोटा तपासायचा आहे. त्याने बघितलं तर?

गुरांचा_डॉक्टर
बघू शकता, पण निकाल धरू नका. वूड्स लॅम्प साधारण ३६५ नॅनोमीटरचा असतो. स्वस्त टॉर्च बहुधा ३९५ च्या आसपास असतात, त्यात सगळंच जांभळं दिसतं. धूळ, कापसाचे तंतू, लावलेलं मलम हेही पांढरट-निळं चमकतं. खरी खूण म्हणजे केसाच्या मुळापासून वर चढणारी पोपटी-हिरवी चमक. ती दिसली नाही म्हणून नायटा नाही असंही म्हणता येत नाही, कारण काही बुरशी चमकतच नाही. शंका असेल तर केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात किंवा कल्चर लावतात, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढते का ते बघतात. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन आठवडे जातात.

भरीत_भाकर
मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय म्हणून लिहिते.

पहिलं, ट्यूबचं. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलं असेल तर कपाटात ठेवून द्या, ही दोन्ही स्टेरॉइड आहेत. आपल्याकडे मेडिकलवाले खाजेला हमखास ती मिश्र ट्यूब देतात. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज झटकन कमी होते, बुरशी मात्र खालून पसरत राहते. मुलीला त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. आमच्या मुलाला फक्त बुरशीविरोधी मलम दिलं होतं आणि चट्टा गेल्यावरही काही दिवस लावायला सांगितलं होतं. डोक्यात चट्टा पडून केस तुटत असतील तर नुसत्या मलमाने भागत नाही, पोटातून औषध लागतं. तेव्हा डोकं नीट चाळून बघा, मुलींच्या वेणीत लपतं.

दुसरं, पिल्लू गोठ्यात सोडण्याचं. सोडून काही साधत नाही. बुरशी केसांवर बसून तुमच्या गोधडीत आधीच आलीय, आणि गोठ्यात ते पिल्लू दुसऱ्या मांजरांना देणार. बऱ्याच पिल्लांचा नायटा काही महिन्यांत आपोआपही जातो, पण तोवर घरभर वाटत फिरतं, म्हणून उपचार करायचे. त्याला एक खोली द्या, जिथे गादी-गालिचा नाही आणि फरशी पुसता येते. आमच्याकडे धुणं वाळत घालायची मागची खोली होती. मुलांना भेटू द्या, पण ठरावीक वेळ, भेटीचे कपडे वेगळे आणि नंतर साबणाने हात. लहान वयात माणसांची सवय लागायची असते, अगदीच कोंडून ठेवलं तर बुजरं होतं. सासूबाईंनी मात्र लांबच राहावं.

आणि त्या खोलीत कूलर लावू नका. सगळे केस उडवून पुढच्या दारापर्यंत आणतो तो!

जळगावचा_राम्या
हे सगळं शहरी चोचले आहेत. आपल्या ४५ डिग्रीत गोधडी गच्चीवर टाका, बुरशी काय तिची आजीसुद्धा जळून जाईल.

भरीत_भाकर
राम्याभाऊ, वाटतं तसं. पण तिचे बीजाणू कोरड्या जागी दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. ऊन दाखवा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. धुणं महत्त्वाचं. मशीनमध्ये कमी कपडे टाकून, भरपूर पाण्यात, लांबच्या सायकलवर दोनदा धुवा. गरम पाण्याचा हट्ट नको, केस निघून जाणं मुख्य. कापसाची गादी धुता येत नाही, तिच्यावर पिल्लाला चढूच देऊ नका.

केळीवाली_वहिनी
ताई, खूप आभार. ट्यूबवर क्लोबेटासोलच आहे, ठेवून दिली. फरशीला आमच्याकडे काळं फिनेल वापरतात, ते चालेल ना?

गुरांचा_डॉक्टर
फिनेल नको! त्यातले फिनॉल मांजराचं यकृत पचवू शकत नाही. पाय ओल्या फरशीवर पडतो, मग तोच पाय चाटला जातो.

आधी केस गोळा करा. कोरडा झाडू मारला तर केस उडतात, म्हणून ओलं फडकं किंवा व्हॅक्यूम. मग साबणाच्या पाण्याने पुसा. शेवटी घरगुती ब्लीच, एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली, दहा मिनिटं फरशी ओली राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसून घ्या. कोरडं होईपर्यंत पिल्लू बाहेर. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा संडास साफ करायचं लिक्विड मिसळलं तर विषारी वायू सुटतो, सासूबाईंच्या हातात दोन्ही बाटल्या एकदम देऊ नका. केस रोज उचला, ब्लीच आठवड्यातून दोनदा पुरे.

केळीवाली_वहिनी
आज जळगावला दाखवून आणलं. लॅम्पखाली कानामागचे केस खरंच पोपटी चमकले. क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं अंगावर ठेवून धुवायचा. शिवाय इट्राकोनाझोल हे बुरशीचं औषध पोटातून, एक आठवडा द्यायचं, एक आठवडा बंद. यांना वाटतं माणसाची कॅप्सूल मेडिकलमधून आणून थोडी थोडी दिली तर स्वस्त पडेल.

गुरांचा_डॉक्टर
त्यांना सांगा, माणसाची कॅप्सूल १०० मिलीग्रॅमची येते. मांजराला नेहमीचा डोस किलोमागे ५ मिलीग्रॅम, आणि तुमचं पिल्लू किलोभरही नसेल. चिमटीने अंदाज करायचं हे औषध नाही. डॉक्टरांनी जे मोजून दिलंय तेच द्या. उलटी झाली, खाणं सोडलं तर थांबवून फोन करा. केटोकोनाझोलची गोळी कुणी सुचवली तर ती मांजराला नको, यकृताला त्रास देते.

तापीकाठचा
वहिनी, आंघोळ घालताना टॉवेलात गुंडाळा, नाहीतर नखांनी हात सोलून काढेल. आणि ऑईलचं मागे घेतो, डॉक्टर म्हणतात ते बरोबर.

केळीवाली_वहिनी
केस परत आले की औषध बंद करायचं का?

भरीत_भाकर
नाही! आमच्याकडेही केस आधी आले आणि कल्चर नंतर साफ निघालं. नव्या टूथब्रशने अंगभर विंचरून तो डॉक्टरांकडे द्यायचा, त्यावरून कल्चर लावतात. कल्चर निगेटिव्ह आलं की मग पिल्लू खोलीबाहेर. गच्चीवर तोवर अजिबात नको.

कापूस_कोंडी
वहिनी, दुकानात मोठा जाळीचा पिंजरा पडून आहे, खोली मोकळी नसेल तर घेऊन जा. जामनेर रोडला आहे, मेसेज करा.