भावाचा कोलायटिस पुन्हा उलटलाय, मदत हवी आहे

सांजवेळ | मंगळवार, रात्री ११:१०
नमस्कार. धाकट्या भावाला कोलायटिस आहे. मधे वर्षभर अगदी छान होता, आता तीन आठवडे झाले पुन्हा रक्त पडतंय. आधीच्याच गोळ्या परत सुरू केल्या, काही फरक नाही. डॉक्टरांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे. तोवर काय द्यायचं ते सांगा. आणि हा आजार कायमचा जातो की नाही? एक जण आयबीडी म्हणतो, दुसरा आयबीएस, तिसरा म्हणतो आतड्याला सूज आहे, होईल बरी. मला काही कळेनासं झालंय. कृपया फक्त "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, ते तर विचारणारच आहोत.

पाऊलवाट | रात्री ११:३२
ताई, कोलायटिस म्हणजे कोणता? कोलोनोस्कोपी कधी झाली, बायॉप्सीचा रिपोर्ट आहे का? "आधीच्याच गोळ्या" म्हणजे कोणत्या, किती मिलीग्रॅमच्या, आणि मधे बंद कधी केल्या? दिवसातून किती वेळा जावं लागतं? रात्री झोपेतून उठावं लागतं का? ताप, वजन, वय? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, मग कोण काय सांगणार?

खडीसाखर | रात्री ११:४५
मला सहा वर्षं हाच त्रास होता. सगळे रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र रोज बिघडलेलं. शेवटी लक्षात आलं की सगळं ताणामुळे होतंय. नोकरी बदलली, रोज चालायला लागले, झोप सुधारली आणि पोट शांत झालं. भावाला कसली काळजी आहे का, ते आधी विचारा. मी अगदी मनापासून सांगतेय.

टिपकागद | बुधवार, सकाळी ७:०५
खडीसाखर, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण तुमचे रिपोर्ट नॉर्मल होते. तो आयबीएस. त्यात आतड्याची हालचाल आणि संवेदना बिघडते, पण दुर्बिणीतून पाहिलं तर अस्तर धडधाकट दिसतं आणि शौचातून रक्त जात नाही. आयबीडी हे वेगळं प्रकरण आहे. तिथे शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते. सूज येते, व्रण होतात, रक्त पडतं.

याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस गुदाशयापासून सुरू होतो, सलग वर चढतो, मोठ्या आतड्यापुरताच राहतो आणि आतल्या अस्तरातच असतो. क्रोन्स मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, मधले काही भाग चांगले सोडून, आणि आतड्याच्या भिंतीत आरपार उतरतो. म्हणून क्रोन्समध्ये आतडं आखडणं, फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे फुटलेली वाट) होणं हे प्रश्न येतात. दोन्हींवरची औषधं पूर्ण सारखी नाहीत, त्यामुळे पाऊलवाट यांचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

सांजवेळ | सकाळी ८:२०
सगळ्यांचे आभार. रिपोर्ट शोधला. वय २६. दोन वर्षांपूर्वी कोलोनोस्कोपी झाली, त्यात "लेफ्ट साइडेड अल्सरेटिव्ह कोलायटिस" आहे. बायॉप्सीत "क्रॉनिक अॅक्टिव्ह कोलायटिस" लिहिलंय. म्हणजे हा क्रोन्ससुद्धा आहे का? मेसालामाइन १.२ ग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा होती, ती पाच महिन्यांपूर्वी बंद केली, कारण त्याला काहीच त्रास नव्हता. आता दोन आठवड्यांपासून परत देतेय. दिवसातून सात-आठ वेळा जातो, रात्री दोनदा उठतो. ताप नाही, अंगाला हात लावून बघितलं. आता तरी सांगा काय करू.

टिपकागद | सकाळी ८:४१
क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेला, एवढाच अर्थ. क्रोन हे आडनाव आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्या आजाराचं वर्णन छापलं, म्हणून ते नाव. भावाच्या रिपोर्टमध्ये ते नाही, तेव्हा ती भीती काढून टाका.

चाफेकळी | सकाळी ९:१५
सांजवेळ, मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होऊन ११ वर्षं झाली. तुमच्या भावाने जे केलं तेच मी तिसऱ्या वर्षी केलं. रक्त थांबलं, वजन भरलं, वाटलं की आता गोळ्या कशाला? चार महिने मजेत गेले आणि एका सकाळी कमोडमध्ये पुन्हा लाल. तेव्हाच्या डॉक्टरांनी मला रागावण्याऐवजी दुर्बिणीतून काढलेले माझ्या आतड्याचे जुने फोटो समोर ठेवले. रक्त थांबल्यानंतर सहा आठवड्यांनी काढलेला होता त्यातला एक. मला काहीही होत नव्हतं तेव्हाचा, आणि तरी अस्तर वाळूच्या कागदासारखं खरखरीत, लालभडक. मला बरं वाटत होतं, आतडं बरं झालं नव्हतं. हे मला कुणी आधी दाखवलं असतं तर मी गोळ्या सोडल्या नसत्या.

तुम्ही विचारलंत, जातो का? मुळापासून जात नाही. वर्षानुवर्षं शांत मात्र राहू शकतो. ते शांत राहणं गोळ्यांमुळे असतं. शौचाची कॅलप्रोटेक्टिनची तपासणी करून घ्या. आतड्यात पांढऱ्या पेशी जमा झाल्या की हे प्रथिन शौचात वाढतं. साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर ठीक, २५० च्या वर गेलं की बहुधा सूज पेटलेली असते. दर वेळी दुर्बीण घालावी लागत नाही.

आणि डावीकडचा कोलायटिस असेल तर डॉक्टरांना एनिमाबद्दल, म्हणजे गुदद्वारातून आत सोडायच्या पातळ औषधाबद्दल, जरूर विचारा. नुसत्या गोळीपेक्षा गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून जास्त काम करतात.

उनाड_वारा | सकाळी १०:०२
औषधांच्या मागे लागण्याआधी गहू बंद करून बघा. माझं पोट पाच वर्षं खराब होतं, ग्लूटेन सोडलं आणि चार महिन्यांत सगळं थांबलं. डॉक्टर हे सांगतच नाहीत.

पाऊलवाट | सकाळी १०:२०
तुमचा तो सीलिएक असेल, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार. त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करायची असते, आधी सोडला तर तपासणी खोटी नॉर्मल येते. तुम्ही केली होती का?

उनाड_वारा | सकाळी १०:३३
नाही केली. गरजच पडली नाही. फरक पडला ना, मग तपासणी कशाला?

टिपकागद | सकाळी १०:५०
तपासणी अशासाठी की दुसऱ्या कुणाला सल्ला देताना आपल्याला नक्की काय झालं होतं ते माहीत असावं. आठ वेळा रक्ताची शौच होणाऱ्या मुलाला कुणी गहू सोडून चार महिने थांबायला सांगू नये. आजार पेटलेला असताना बिया, साली, कच्च्या भाज्या काही दिवस टाळल्या तर पोटाला आराम पडतो, हे खरं. पण औषधाच्या जागी ठेवावा असा कोणताही आहार अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नाही.

मोरपीस | सकाळी ११:२६
माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला क्रोन्स. तिचं वजन आणि उंची दोन्ही अडकलं होतं. तिला आठ आठवडे बाकी सगळं अन्न बंद करून फक्त पोषक द्रवआहार दिला, स्टेरॉइडशिवाय आजार आटोक्यात आला. पहिले पाच दिवस ती ताटाकडे बघून रडायची, आम्हीही तिच्यासमोर जेवत नव्हतो. आहाराने काहीच होत नाही असं कृपया म्हणू नका.

टिपकागद | सकाळी ११:४०
मोरपीस ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मुलांच्या क्रोन्समध्ये तो मान्यताप्राप्त उपचार आहे. मी फक्त अल्सरेटिव्ह कोलायटिसबद्दल बोलत होतो, तिथे तो लागू पडत नाही. मुलीला खूप शुभेच्छा.

दगडी_जिना | दुपारी १२:३०
माझ्या मामांचं मोठं आतडं काढलं, प्रश्न कायमचा मिटला. उगाच वर्षानुवर्षं गोळ्या खात बसण्यापेक्षा एकदाच शस्त्रक्रिया करून मोकळं व्हावं.

चाफेकळी | दुपारी १:१०
इतकं सोपं नसतं हो ते. मोठं आतडं काढून लहान आतड्याची पिशवी करतात, ही शस्त्रक्रिया १९७८ पासून रुळली आहे आणि पुष्कळांचा जीव तिने वाचवला आहे. पण त्या पिशवीलाही सूज येऊ शकते, आणि दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागणं बहुतेकांच्या वाट्याला येतं. औषधं हरली किंवा जिवावर बेतलं तर शस्त्रक्रियेला घाबरू नये, हे मात्र मीही म्हणेन. २६ व्या वर्षी, धड औषध न घेताच, एकदम तिथे का जायचं? क्रोन्समध्ये तर कापून जोडलेल्या जागी आजार परत येतो.

सांजवेळ | दुपारी ३:०५
मला ऑपरेशनबद्दल विचारायचंच नव्हतं. शुक्रवारपर्यंत काय द्यायचं ते सांगा ना कुणीतरी. बाकी गोळ्या म्हणाल तर गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक चालू आहे महिनाभर, गुडघा सुजलाय. ते वेगळं दुखणं आहे म्हणून लिहिलं नव्हतं. आणि गेल्या खेपेची प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइडची, अर्धी स्ट्रिप कपाटात होती, त्यातली रोज एक अशी चार दिवस दिली. २० मिलीग्रॅमची.

टिपकागद | दुपारी ३:१२
डायक्लोफिनॅक आजच बंद करा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या वेदनाशामकांनी आयबीडी भडकू शकतो. तोवर दुखलंच तर पॅरासिटामॉल द्या. आणि गुडघा वेगळा नाही, तो याच आजाराचा भाग असू शकतो. आतडं पेटलं की मोठे सांधे सुजतात, डोळे लाल होतात, नडग्यांवर लालसर गाठी येतात. डोळे दुखतात का तेही विचारा.

दगडी_जिना | दुपारी ३:२०
स्टेरॉइड लगेच थांबवा! हाडं ठिसूळ होतात.

पाऊलवाट | दुपारी ३:२६
उलट स्टेरॉइड असं एकाएकी थांबवायचं नसतं. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, रक्तदाब कोसळू शकतो.

टिपकागद | दुपारी ३:३५
ती गोष्ट तीन-चार आठवडे घेतलेल्यांची. चार दिवसांत तसं होत नाही, पण इथे वाचून चालू किंवा बंद करू नका, आजच फोन करून डॉक्टरांना सांगा. माझी खरी काळजी वेगळी आहे. स्टेरॉइडने ताप आणि पोटाची लक्षणं झाकली जातात. शिवाय हा संसर्गही असू शकतो. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जिवाणू हुबेहूब असाच दिसतो, म्हणून शौचाची तपासणी आधी होते. ताई, हात लावून नको, थर्मामीटरने ताप बघा. मिनिटभर नाडी मोजा. लगेच लिहा.

सांजवेळ | दुपारी ४:०२
ताप १००.६. नाडी १०८, दोनदा मोजली. सकाळपासून नऊ वेळा गेला, त्याने मला पाचच सांगितलं होतं. बाथरूमच्या दाराशी उभी राहिले तेव्हा कळलं.

टिपकागद | दुपारी ४:०५
शुक्रवारची वाट बघू नका. आत्ता निघा. १९५५ मध्ये ट्रूलव्ह आणि विट्स या ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी घातलेली मोजपट्टी आजही वापरात आहे: दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच, आणि सोबत ३७.८ सेल्सिअस म्हणजे १०० फॅरनहाइटच्या वर ताप, नव्वदच्या वर नाडी, १०.५ पेक्षा कमी हिमोग्लोबिन किंवा ३० च्या वर ईएसआर (सूज दाखवणारी रक्ततपासणी) यांतलं एक जरी असलं तरी तो तीव्र झटका. तो रुग्णालयातच सांभाळायचा. जुने रिपोर्ट, सगळ्या रिकाम्या स्ट्रिप्स, डायक्लोफिनॅकचीसुद्धा, पिशवीत घालून न्या.

चाफेकळी | दुपारी ४:०७
जा ताई. सोबत जादा कपडे न्या, आणि वाटेत तो काही बोलला नाही तरी विचारत बसू नका. लाज वाटते त्या वेळी.

सांजवेळ | शुक्रवार, रात्री ९:५०
दाखल करून घेतलंय. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. पोटाचा एक्स-रे काढला, आतडं फुगलेलं नाही. शौचात जंतू सापडले नाहीत. शिरेतून स्टेरॉइड चालू आहे, आज तिसरा दिवस, नऊवरून चारवर आलंय. डॉक्टर म्हणाले की तिसऱ्या दिवशी उतार नसता तर इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा विचार केला असता. त्यासाठी लपलेला क्षयरोग नाही ना, याची तपासणीही करून ठेवली आहे. एक मात्र कळत नाही. रक्त पडत असताना रक्त पातळ करणारं इंजेक्शन का देतायत? नर्सना विचारायचा धीर झाला नाही.

टिपकागद | रात्री १०:०४
हे बरोबरच आहे. आयबीडी पेटलेला असताना पायातल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका खूप वाढतो, आणि ती फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून शौचातून रक्त जात असलं तरी हेपारिन देतात. निर्धास्त रहा, पण विचारायला संकोच करू नका.

खडीसाखर | रात्री १०:२०
सांजवेळ, मी सुरुवातीला ताणाबद्दल लिहिलं ते मागे घेते. वाचून अंगावर काटा आला. त्याला लवकर आराम पडो.

सांजवेळ | रविवार, संध्याकाळी ६:१५
दोन वेळा, रक्त जवळपास नाही. मंगळवारी घरी सोडतील. पुढे स्टेरॉइड आठवड्यागणिक कमी करत बंद, मेसालामाइन वाढवून चालूच, आणि रात्री एनिमा. हा धागा आज त्याला वाचायला दिला. पूर्ण वाचला. दोन वर्षांत त्याने या आजाराबद्दल माझ्याशी एक वाक्य बोललेलं नव्हतं. त्याने चाफेकळी यांना विचारायला सांगितलंय की एनिमा आत टिकतच नाही, काल दोन मिनिटांत बाहेर आला, तर काय करायचं?

चाफेकळी | संध्याकाळी ६:४०
त्याला सांगा, सुरुवातीला कुणाचाच टिकत नाही. गुदाशय सुजलेला असतो, तो काहीच धरून ठेवत नाही. आधी शौचाला जाऊन यायचं. बाटली बंद हातात धरून कोमट करायची, गार गेला की लगेच कळ येते. नीट हलवायची. डाव्या कुशीवर झोपायचं, उजवा गुडघा पोटाशी. बाटली अगदी हळू दाबायची, दोन-तीन मिनिटं लागली तरी चालेल. मग तसंच अर्धा तास पडून राहायचं. खाली जुना टॉवेल घाला, या औषधाचे डाग निघत नाहीत. पहिल्या दिवशी दहा मिनिटं टिकला तरी पुष्कळ. आठवड्याने सुधारलं नाही तर डॉक्टरांना सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) किंवा फेसाचं औषध (फोम) मागा, ते धरायला सोपे जातात. आणि त्याला वाटलं तर मला व्यनि (खासगी निरोप) करायला सांगा, स्वतःच्या नावाने.