प्रतिसाद: ब्रेक पॅड कधी बदलायचे?

४०,००० किमी झाले की ब्रेक पॅड (ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला घट्ट धरणारे) बदलायचेच, हा इथे कुणीतरी सांगितलेला हिशोब मला पटत नाही. हायवेवर चालणारी गाडी आणि रोज शहराच्या ट्रॅफिकमध्ये अडकणारी गाडी, दोघींचे पॅड सारखे कसे झिजतील? आंबेनळीसारखा घाट न्यूट्रलमध्ये उतरवून सगळा भार ब्रेकवर टाकणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

जाडी बघा. नवीन पॅडचं मटेरियल साधारण १०-१२ मिमी असतं, ३ मिमीच्या आसपास आलं की बदला. अलॉय चाकाच्या फटीतून टॉर्च मारून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला बऱ्याचदा जास्त झिजतो, म्हणून चाक काढूनच बघायला सांगा.

पावसाळ्यात सकाळी दोन-तीन ब्रेकपुरती होणारी खरखर म्हणजे डिस्कवरचा गंज, त्याला घाबरू नका. सतत बारीक किंचाळणं मात्र बहुतेक वेळा वेअर इंडिकेटरचं, म्हणजे पॅड झिजल्याचं आवाजाने कळवणाऱ्या पत्र्याच्या पट्टीचं असतं. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर गाडी चालवू नका, डिस्कही खराब होते.

आणखी एक. पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळीही हळूहळू उतरते. नुसतं ऑइल भरून मोकळे होऊ नका, आधी पॅड तपासा, आणि गळती नाही ना तेही.