डायलिसिस सुरू झालंय, नोकरी सोडावी का?

गोदाकाठ: नमस्कार. वय ४१, सातपूरला एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. पगार २१ हजारांच्या आत, त्यामुळे ईएसआय (कामगार राज्य विमा) कापली जाते. गेल्या महिन्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू झालं, दर वेळी चार तास. डायलिसिसला दुपारची पाळी मिळालीय, म्हणजे तीन दिवसांची हजेरी बुडतेच. साहेब म्हणतात, राजीनामा दे, बरा झालास की ये. घरी बायको आणि आठवीतली मुलगी. राजीनामा देऊन घरबसल्या काही सुरू करावं का? यातून गेलेल्यांनी कृपया सांगा.

चंद्रमौळी: दादा, राजीनामा अजिबात देऊ नका. नोकरी गेली की ईएसआयही जाणार, आणि आज तुमच्या घराला तिचाच खरा आधार आहे. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. पुढे दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे, त्यात किडनी निकामी होणं येतं. सलग दोन वर्षं नोकरी झाली असेल आणि वर्गणीचे दिवस भरत असतील, तर ८० टक्के दराने जास्तीत जास्त दोन वर्षं. रजेचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरांकडूनच घ्या आणि प्रत्येकाची झेरॉक्स ठेवा.

रातराणी: मी स्वतः डायलिसिसवर राहून नोकरी करते. भत्त्याच्या आधी पाळीचं बघा. डायलिसिसच्या इन्चार्ज सिस्टरांकडे संध्याकाळच्या पाळीसाठी नाव लिहून ठेवा, जागा रिकामी झाली की मिळते. कारखान्यात पहिली पाळी मागा. सुटल्यावर डायलिसिस, मग घरी येऊन सरळ झोप. डायलिसिसनंतर अंग इतकं गळतं की त्यानंतर कामावर जाण्याचा विचारही करू नका. आणि फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुईसाठी शिरा जोडलेल्या) हाताने खोकी उचलायची नाहीत! नोंदीचं, टेबलाचं काम लेखी अर्ज करून मागा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडा.

गोदाकाठ: खूप धन्यवाद ताई. पण साहेबांना वाटतं दोन-तीन महिन्यांत बरं होईल. पीएफ काढून तोवर भागवू का?

रातराणी: त्यांना स्पष्ट सांगा, प्रत्यारोपण होईपर्यंत डायलिसिस चालणार, आणि तरीही काम होतं. पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढता येतात, पण घरखर्चासाठी नको. प्रत्यारोपण झालं तर त्यानंतरची औषधं जन्मभर लागतात, त्या वेळी ते पैसे हवेत.

चंद्रमौळी: डॉक्टरांना पोटाच्या डायलिसिसबद्दलही विचारा. माझा मेव्हणा तेच करतो. पोटात सोडायच्या द्रवाची पिशवी दिवसातून तीन-चारदा बदलावी लागते, पण हॉस्पिटलच्या चकरा कमी झाल्या आणि हजेरी वाचली. त्याला स्वच्छ, बंद खोली मात्र लागतेच, नाहीतर जंतुसंसर्ग होतो. कारखान्यात प्रथमोपचाराची खोली आहे का?

गोदाकाठ: आहे, ऑफिसच्या मागे. सोमवारी डॉक्टरांना विचारतो, आणि पहिल्या पाळीचा अर्ज आजच लिहितो.