जपानला एक्स्चेंज ट्रिपला चाललेय, होस्ट फॅमिलीकडे राहायचं कसं?

अकरावीवाली: पुढच्या महिन्यात ग्रुपबरोबर जपानला चाललेय. शाळांच्या भेटींचं टेन्शन नाही, सगळे सोबत असतील, पण मधे काही दिवस होस्ट फॅमिलीकडे मी एकटीच राहणार. जपानी जेमतेम येतं, त्यात मी शाकाहारी, अंडं चालतं. माझ्यामुळे त्यांची गैरसोय होऊ नये असं फार वाटतंय. कोणी राहून आलंय का?

भटकभवानी: मी राहिलेय. खाण्याचं आत्ताच कळव, पोचल्यावर नको, आणि नुसतं 'शाकाहारी' लिहून भागत नाही हं, कारण मिसो सूप, नूडल्स, उकडलेल्या भाज्या सगळ्यात दाशी नावाचा स्टॉक पडतो आणि तो बहुतेकदा सुकवलेल्या बोनितो माशाचा असतो. वरून काही कळत नाही आणि करणाऱ्याच्याही डोक्यात येत नाही की यात मासा आहे. म्हणून सरळ लिही की मासा नको, माशाचा स्टॉकही नको, कोंबू (समुद्री शेवाळ) किंवा शिताके मशरूमचा चालेल, अंडं चालेल. असं नेमकं सांगितलं की त्यांनाच सोपं जातं.

निळी छत्री: +१. अंघोळीचं मात्र आधी कोणी सांगत नाही म्हणून सांगते. संध्याकाळी टबमध्ये गरम पाणी भरतात ते अंग धुवायला नसतं. आधी बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण, केस सगळं स्वच्छ करायचं, मग टबमध्ये नुसतं बसायचं, आणि बाहेर आल्यावर पाणी अजिबात सोडून द्यायचं नाही, त्याच पाण्यात घरातले बाकीचे येतात. झाकण असेल तर परत लाव. पाहुण्यांना बऱ्याचदा पहिला नंबर देतात, संकोच करू नकोस. बूट दारातच काढायचे, तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, स्लिपरसुद्धा नाही, टॉयलेटच्या स्लिपर वेगळ्या, त्या तिथेच ठेवून यायच्या.

शिक्षक_मी: शाळेबद्दल थोडं. तिथे वर्ग, जिने मुलंच झाडतात-पुसतात, तुमच्या हातातही फडकं येईल, ते मनापासून घ्या, मुलांशी खरी ओळख तिथेच होते. शाळा सुटल्यावरचे क्लब बघायला मिळाले तर सोडू नका. प्रेझेंटेशनमध्ये स्मारकांचे फोटो नकोत, तुझी खोली, दप्तर, वेळापत्रक दाखव, मुलं लगेच प्रश्न विचारतात.

अकरावीवाली: बापरे, दाशीचं माहीतच नव्हतं, आजच मेल करते! जेवताना मोबाईलवर ट्रान्सलेटर वापरला तर वाईट दिसेल का?

भटकभवानी: अडलं तर बिनधास्त वापर, पण आधी हातवारे करून बघ. आणि रात्री लगेच खोलीत जाऊन बसू नकोस, भांडी पुसायला उभी राहा, माझ्या तर जास्तीत जास्त गप्पा तिथेच झाल्या. हो, चार्जरला दोन चपट्या पिनांचा अॅडॉप्टर लागेल, तिथे १०० व्होल्ट असतात, चार्जरवर १००-२४० लिहिलंय ना तेवढं बघून घे.